अंजीर व डाळिंब यांचीं छाटकलमें घरच्या घरीं

माघ महिना जवळ येऊं लागला म्हणजे आमच्या सभासद बंधूंकडून एक प्रश्न हटकून विचारला जातो. अंजिराच्या किंवा डाळिंबाच्या काड्या कुंडींत अगर परसांतील वाफ्यांत लाविल्या. पंधरा दिवसांत डोळे फुगले, कोंवळी पालवी आली, घरांतील मंडळींस आनंद झाला. आणि पुढें उन्हाचा पहिला चटका बसतांच एकेक काडी मान टाकून वाळून गेली. पाणी तर रोज घालीत होतों, खतही घातलें होतें. मग चुकलें कोठें? उत्तर थोडक्यांत देतां येण्यासारखें आहे, परंतु तें पटण्यासाठीं काडीच्या पोटांत काय चालतें हें समजून घेणें अवश्य आहे. सबब या अंकीं या विषयास नेहमींपेक्षां थोडी अधिक जागा देत आहों.

प्रथम मुख्य गोष्ट सांगून टाकूं. काडीस पालवी फुटली याचा अर्थ तीस मुळें फुटलीं असा नव्हे. या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत आणि पुष्कळदां त्या एकमेकींच्या आड येतात. झाडापासून तोडलेल्या काडीच्या लांकडांत व सालींत पिष्टाचा सांठा असतो. डोळा फुटण्यास तेवढा सांठा व थोडी ऊब पुरे होते. त्यास मुळांची गरज नसते. दाराला बांधलेल्या तोरणांतील डहाळीस पालवी फुटलेली कोणी पाहिली असेल, तर त्यास हें निराळें सांगावयास नको. परंतु पान उलगडलें कीं त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाऊं लागते, आणि तेवढें पाणी जमिनींतून ओढून घेणारें मूळ अजून जन्मासच आलेलें नसतें. काडी आपली शिदोरी खात असते आणि आपणांस वाटतें कीं ती वाढत आहे!

आम्हांसही हा धडा फुकट मिळालेला नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं शेजारच्या परसांतील एका जुन्या अंजिरावरून आम्हीं साठएक काड्या आणून कुंड्यांत लाविल्या. तीन आठवड्यांत चाळिसांहून अधिक काड्यांना हिरवींगार पानें आलीं. आम्हीं त्या कुंड्या कौतुकानें अंगणांत उन्हांत मांडल्या, सकाळसंध्याकाळ पाणी घातलें, आणि पांच-सहा स्नेह्यांना रोपें देण्याचें वचनही देऊन बसलों. चैत्रांत पिशव्यांत बदलण्यासाठीं पहिली काडी उपटली, तेव्हां तिच्या बुडाशीं मुळाचा एक धागासुद्धां नव्हता. साल काळी पडून बोटाशीं निसटून आली व आंबूस वास आला. दुसरी उपटली, तिसरी उपटली. सर्वांची गत तीच. त्या उन्हाळ्यांत स्नेह्यांना तोंड दाखवणें आम्हांस जड गेलें. कुंड्यांत नुसती काळी माती व ताजें शेणखत भरलें होतें, तळाचें भोंक मातीनें बुजलें होतें, आणि रोजच्या पाण्यानें तेथें हवेस वावच उरला नव्हता. मूळ फुटण्यास ओल जितकी लागते तितकीच हवाही लागते, हें आम्हांस त्या वेळीं माहीत नव्हतें.

आतां मूळ फुटतें कसें तें पाहूं. काडी कापली म्हणजे कापाच्या जागेवरील पेशी मरतात व त्यांचा एक कोरडा पडदा होतो. त्याच्या लगत, साल व लांकूड यांच्यामध्यें जो वाढणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो, तेथून मऊ, पांढुरक्या पेशींचा एक उंचवटा तयार होतो. त्यास कॅलस म्हणतात. पुष्कळ लोक हा उंचवटा पाहून मुळें आलीं असें समजतात. वस्तुतः बहुतेक झाडांत मूळ त्या उंचवट्यांतून निघत नाहीं. तें सालीच्या आंतील बाजूस, डोळ्यांच्या आसपास जन्म घेतें व साल फोडून बाहेर येतें. कॅलस येणें हें काडी जिवंत असून कामास लागल्याचें चिन्ह होय, याहून अधिक कांहीं नाहीं. मूळ फुटण्याचा हुकूम मात्र वरून येतो. डोळ्यांत व कोंवळ्या पानांत एक द्रव्य तयार होऊन तें काडीच्या बुडाकडे उतरत असतें. त्यास ऑक्सिन असें नांव आहे. हॉलंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ वेंट यांनीं १९२८ सालीं ओट या धान्याच्या कोंबावर प्रयोग करून तें द्रव्य वेगळें काढतां येतें हें दाखविलें. हें द्रव्य शेंड्याकडून बुडाकडेच वाहतें, म्हणूनच उलटी लाविलेली काडीही आपलीं मुळें मूळच्या बुडाकडेच, म्हणजे वर हवेंत असलेल्या टोंकास, काढूं पाहते आणि फुकट जाते. पानें काढून टाकलेली अंजिराची काडी हातांत घेतली असतां तिचें बूड कोणतें व शेंडा कोणता याचा संभ्रम नवख्यास सहज पडतो. त्यावरील तोड पुढें सांगूं.

काडी कोणत्या झाडाची घ्यावी, याचा विचार लोक सर्वांत कमी करतात, आणि आमच्या मतें खरें नुकसान तेथेंच होतें. बियांपासून झालेलें रोप हें आईबापांचें अपत्य असतें. काडीपासून झालेलें झाड हें अपत्य नव्हे, तें मूळचें झाडच होय. म्हणूनच एका उत्तम झाडाची जात जशीच्या तशी हजारों बागांत नेतां येते. डाळिंबाची गणेश ही जात, १९३६ सालीं पुण्याजवळ गणेशखिंड येथें डॉ. चीमा यांनीं आळंदी जातीच्या रोपांतून निवडली; तिचे गुण टिकले ते कलमांनीं टिकले, बियांनीं ते विखुरले असते. परंतु गुणांबरोबर रोगही तसाच येतो. डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूंचा रोग २००० सालानंतरच्या दशकांत सोलापूर, नाशिक वगैरे जिल्ह्यांतील बागांत किती पसरला व किती कुटुंबांचे संसार त्यानें खालीं आणिले, हें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. या रोगाचे जिवाणू फांदीवरील जखमांत व खांडांत राहतात. बाहेरून धडधाकट दिसणारी काडी रोगट बागेंतून आणली तर ती रोग बरोबर घेऊन येते, आणि लागलेला रोग समूळ नाहींसा करणारें खात्रीचें औषध अद्याप हातीं नाहीं. मर रोगाचीही गोष्ट बरीचशी तशीच आहे. अंजिराच्या पानांवर पिवळट चट्टे पाडणारा विषाणूही काडीबरोबर प्रवास करतो. चांगली काडी फुकट मिळते म्हणून ओळखीच्या बागेंत शिरून हातीं लागेल ती फांदी तोडणें, हा वीस वर्षांच्या बागेचा पाया डोळे मिटून घालण्याचा प्रकार आहे.

म्हणून मातृवृक्ष पाहावयास छाटणीच्या दिवशीं जाऊं नये. फळें झाडावर असतांना जावें. फळाचा आकार, रंग, गोडी, झाडावरील फळांची संख्या डोळ्यांनीं पाहावी. पानांवर व फळांवर तेलकट काळसर डाग आहेत काय, खोडावर व फांद्यांच्या बेचक्यांत काळे चिरलेले भाग आहेत काय, हें तपासावें. एकट्या झाडावर भागवूं नये, त्याच्या भोंवतालचीं झाडेंही पाहावींत. मन भरलें तर त्या झाडास रंगीत चिंधी बांधून यावें व काड्या घेण्याच्या वेळीं पुन्हां जावें. पुरंदर तालुक्यांतील ज्या अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेथील जुन्या बागाईतदारांस आपल्या बागेंतलें चांगलें झाड कोणतें हें विचारलें तर ते क्षणाचाही विलंब न लावतां बोट दाखवितात. ही माहिती पुस्तकांत मिळावयाची नाहीं.

काडी कोणत्या भागाची घ्यावी? फांदी साधारण नऊ महिने ते एक वर्ष वयाची, पूर्ण पिकलेली, जाडीला शिसपेन्सिलीएवढी असावी. अंजिराची थोडी अधिक जाड असली तरी चालेल. शेंड्याकडील हिरवा, पोकळ भाग लवकर कुजतो. बुंध्याकडील फार जुनें लांकूड मूळ काढण्यास आळस करतें. मधला भाग सर्वांत चांगला. सावलींत लांबलचक वाढलेली फांदी घेऊं नये, कारण तींत पिष्टाचा सांठा कमी असतो. झाडाचीं पानें गळून डोळे अजून झोंपेंत आहेत, असा पौष अखेर ते माघाच्या पूर्वार्धाचा काळ उत्तम. कोणत्या फांदीची काडी यावर पुढच्या झाडाचा आकारही कधीं कधीं ठरतो. कोंकणांतील व गोव्यांतील मिरीच्या बागाईतदारांस हें ठाऊक आहे: बुडाकडून जमिनीवर धांवणाऱ्या वेलाचे तुकडे लाविले तर चढणारी मिरी होते, आणि फळें धरणाऱ्या आडव्या फांदीचा तुकडा लाविला तर तो वर न चढतां झुडूपच होऊन राहतो. जागा थोडी असणाऱ्यांस असें कुंडींतील झुडूप सोयीचें. पण ज्यानें सुपारीवर वेल चढवावयाचा बेत केला असेल, त्याची मात्र पुरती निराशा होईल.

काड्या सकाळीं, झाड पाण्यानें भरलेलें असतांना, धारदार सिकेटरनें घ्याव्या. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जातांना पातें स्पिरिटनें पुसावें. तेल्याचा फैलाव हत्यारांनींही होतो. प्रत्येक काडी वीतभर, म्हणजे सुमारें नऊ इंच लांब व चार-पांच डोळ्यांची करावी. बुडाकडील काप डोळ्याच्या लगेच खालीं व सरळ आडवा घ्यावा. शेंड्याकडील काप डोळ्याच्या वर अर्धा इंच सोडून तिरका घ्यावा. याचे दोन फायदे: तिरक्या कापावर पाणी सांचत नाहीं, आणि शेंडा कोणता हें आंधळ्यासही बोटानें कळतें. मघां म्हटलेली तोड ती हीच. अंजिराच्या कापांतून जो पांढरा चीक वाहतो तो हातास लागूं देऊं नये, त्यानें पुष्कळांच्या कातडीस चट्टे उठतात. काड्या धुऊन कांहीं तास सावलींत ठेवाव्या, म्हणजे चीक थांबून काप सुकतो. डाळिंबास हा खटाटोप नको; त्याच्या काड्या सुकूं न देतां ओल्या गोणपाटांत गुंडाळून आणाव्या.

यानंतर एक जुनी युक्ति सांगण्यासारखी आहे. वर म्हटलें कीं पालवी मुळांच्या आधीं धांवते. तिला मागें ठेवून मुळांना पुढें काढावयाचें तर काडीचें बूड उबेंत व शेंडा गारव्यांत पाहिजे. कुंडींत नेमकें याच्या उलट होतें. यासाठीं पंचवीस-पंचवीस काड्यांच्या पेंढ्या बांधून, बुडें सर्व एका रेषेंत आणून, त्या पेंढ्या झाडाखालच्या खळग्यांत उलट्या, म्हणजे बुडें वर व शेंडे खालीं, अशा उभ्या पुराव्या आणि वर तीन-चार अंगुळें ओलसर वाळूचा थर द्यावा. दिवसा वरची वाळू तापते, ती ऊब बुडांना मिळते. खालचे डोळे गार जमिनींत झोंपून राहतात. वाळू ओलसर असावी, चिंब नसावी. दोन-तीन आठवड्यांनीं पेंढी हलकेच उकरून पाहावी. कापाभोंवतीं पांढुरका कॅलस धरला असला कीं काड्या काढून सुलट लावाव्या. उलटें पुरणें हें कॅलस धरण्यापुरतेंच आहे, हें विसरूं नये. तशाच राहिल्या तर सर्व श्रम वायां जातील.

लावण्याच्या मातींत कस नको, मोकळेपणा पाहिजे. धुतलेली जाड वाळू एक भाग व काथ्याचा भिजवून पिळलेला भुसा एक भाग, हें मिश्रण घरगुती कामास पुरेसें आहे. ज्या मातींत पूर्वीं वांगीं, टोमॅटो किंवा रोगट डाळिंब होतें ती तर मुळींच घेऊं नये. मुळांवर गांठी आणणारे सूत्रकृमी अंजीर व डाळिंब या दोघांचेही वैरी आहेत. माती वापरावयाचीच असेल तर ती आदल्या उन्हाळ्यांत ओली करून, पातळ पसरून, पारदर्शक प्लॅस्टिकखालीं पांच-सहा आठवडे कडक उन्हांत तापवून ठेवावी. शेणखत या वेळीं घालूं नये; ज्यास तोंड नाहीं त्यास ताट वाढून काय उपयोग? कुंडीच्या तळाशीं खापऱ्या घालून पाणी निघून जाईल असें करावें. काडी दामटून खुपसूं नये. आधीं काठीनें भोंक पाडावें, काडीचे दोन-तीन डोळे आंत जातील इतकी ती सोडावी व भोंवतालची वाळू बोटांनीं घट्ट दाबावी. बुडाखालीं पोकळी राहिली तर तेथेंच बुरशी धरते.

कुंड्या सावलींत, परंतु उजेडांत ठेवाव्या. पाणी केव्हां घालावें यास घड्याळ नाहीं. बोट इंचभर आंत घालून पाहावें, कोरडें लागलें तर घालावें, ओल लागली तर तसेंच परत यावें. घरांतील प्रत्येक माणूस जातां येतां मायेनें तांब्या ओतत असेल तर काड्यांच्या आयुष्याची आशा सोडावी. हवा फार कोरडी असेल तर कुंडीवर पारदर्शक पिशवी सैल घालावी व ती रोज थोडा वेळ उघडावी. पिशवी घातलेली कुंडी उन्हांत मात्र एक तासही ठेवूं नये, आंत काडी शिजते. वाफ्यांत लाविल्यास वाळवीवर लक्ष ठेवावें.

मूळ आणण्याच्या औषधांसंबंधीं विचारणा होते. १९३५ च्या सुमारास अमेरिकेंत झिमरमन व विलकॉक्सन यांनीं इंडोल ब्युटिरिक आम्ल वगैरे द्रव्यें काडीस मुळें आणतात असें दाखविलें, आणि आज तीं भुकटीच्या रूपांत दुकानांत सहज मिळतात. अंजिरास यांची गरज नाहीं. डाळिंबास उपयोग होतो. हें आम्ल शुद्ध रूपांत मिळाल्यास २०० मिलिग्रॅम घेऊन तें आधीं ५० मिलिलिटर स्पिरिटांत विरघळवावें व मग त्यांत स्वच्छ पाणी घालून १०० मिलिलिटर करावें; काडीचें बूड इंचभर, पांच ते दहा सेकंद, बुडवून काढावें व सुकतांच लावावें. अधिक वेळ बुडविल्यानें अधिक मुळें येतात असें नाहीं. उलट बूड काळें पडतें. शेंड्यास हें द्रव्य लावूं नये, त्यानें डोळे दबतात. युरोपांतील जुने माळी काडीच्या बुडास चीर देऊन तींत धान्याचा दाणा बसवीत असत. पुष्कळ दिवस लोक यास भाबडेपणा समजत. परंतु अंकुरणारा दाणा तेंच ऑक्सिन द्रव्य तयार करतो, हें पुढें कळलें. औषधाची भुकटी कुजक्या मातीची किंवा रोगट काडीची भरपाई करूं शकत नाहीं, एवढें मात्र ध्यानांत धरावें.

मुळें आलीं हें न उपटतां ओळखण्यासाठीं आम्ही आतां एक सोपा उपाय करतों. कुंड्यांबरोबर एक-दोन काड्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरणींत, तळाला भोंकें पाडून, त्याच मिश्रणांत बाजूला चिकटून लावितों व बरणीस बाहेरून काळा कागद गुंडाळतों. आठवड्यांतून एकदां कागद सोडून पाहिलें कीं पांढरे धागे काचेआडून दिसावेत तसे दिसतात. पालवी दोन-तीन आठवड्यांत येते; मुळें चांगलीं दिसावयास सहा ते आठ आठवडे लागतात. मधल्या त्या महिन्या-सव्वा महिन्यांतच सर्व कसोटी आहे. पानें फार आलीं तर त्यांतील निम्मीं कात्रीनें अर्धीं करावींत. हात धजत नाहीं, पण करावें. काडीवर फळ धरलें, आणि अंजीर ही खोडी हमखास करतो, तर तें ताबडतोब खुडावें.

मुळें दोन-तीन इंच झालीं, पांढऱ्यांवर थोडा तपकिरी रंग चढला, म्हणजे रोप पिशवींत बदलावें. यावेळीं मातींत चांगलें कुजलेलें खत एक तृतीयांश घालण्यास हरकत नाहीं. बदलल्यावर दहा दिवस गर्द सावली, मग सकाळचें ऊन, मग निम्मी सावली, अशा चढत्या क्रमानें त्यास बाहेरची संवय करावी आणि आषाढांत पाऊस स्थिरावल्यावर जमिनींत लावावें. पाण्याच्या बाटलींत काडी ठेवून मुळें आणण्याची हौस मुलांस असते व पुदिना, तुळस यांस ती चालते. परंतु पाण्यांत आलेलीं मुळें ठिसूळ असतात, अंजिराच्या काडीस तीं आलीं तरी मातींत जातांना मोडतात.

आंबा, चिकू, काजू यांच्या काड्यांवर हे श्रम करूं नयेत. घरगुती साधनांनीं त्या मुळें धरीत नाहींत व त्यांस कोयकलम, भेटकलम इत्यादि रीती आहेत. पेरूसाठीं गुटीकलम बरें. डाळिंबासही व्यापारी रोपवाटिकांत गुटीकलमच अधिक चालतें, कारण त्यांत फांदी मातृवृक्षावरच राहून मुळें काढते व मरतुक कमी होते. परंतु एका निरोगी झाडापासून थोड्या काळांत पुष्कळ रोपें हवीं असतील तर काड्यांसारखा सोईचा मार्ग नाहीं.

एक गोष्ट राहिली. काड्या लावतांना प्रत्येक कुंडींत पत्र्याची पट्टी खोंचून तीवर खिळ्यानें मातृवृक्षाची खूण, बागेचें गांव व लावल्याची तारीख कोरावी. शाईनें लिहिलेला कागद पहिल्या पावसांतच जातो. चार वर्षांनीं एखाद्या झाडावर डाग दिसला, किंवा त्याच्या फळाची शेजाऱ्यांनीं वाखाणणी केली, तर तें कोठून आलें हें पाहण्यास त्या पट्टीशिवाय दुसरा आधार उरत नाहीं. आणि त्याच झाडाच्या काड्या पुढच्या माघांत घ्याव्या कीं न घ्याव्या, हें तीवरूनच ठरवितां येतें.